चौथी हाक

कोर्टात पुकारा तीन वेळा होतो. दाराशी उभा असलेला पट्टेवाला पक्षकाराचं नाव घेऊन तीनदा ओरडतो. तिसऱ्या हाकेलाही कुणी आत आलं नाही तर तो माणूस गैरहजर. मग तो नळावर पाणी पीत असो, नाहीतर झाडाखाली भाकरी सोडून बसलेला असो. दावा त्याचा असेल तर तो तिथंच निकालात निघतो. मी उभा जन्म औरंगाबादेत दिवाणी वकिली केली आणि या नियमाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. कुठंतरी थांबावंच लागतं, नाहीतर कोर्टं चालायची नाहीत. साळवे मात्र तिसऱ्या हाकेला थांबत नसत. ते चौथी मारत.

साळवे आमच्या मुन्सफ कोर्टाचे पट्टेवाले. राहायला छावणीत, चर्चच्या मागच्या गल्लीत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत ते नोकरीला लागले होते. मी सनद घेऊन आलो तोवर ते त्या दाराशी चांगले मुरले होते. उंची बेताची, अंगात पांढरा कोट, छातीवर तिरका लाल पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. बिल्ला चिंचेनं घासून लख्ख केलेला असायचा. आवाज मात्र त्या उंचीच्या माणसाचा नव्हता. त्यांनी व्हरांड्यातून हाक मारली की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पिणारा पक्षकार कप तसाच ठेवून पळत यायचा. रविवारी छावणीतल्या उपासनेत हाच आवाज अडचणीचा व्हायचा. पेटी आणि सगळी मंडळी एका सुरात असत आणि साळवे एकटे दुसऱ्या सुरात. चर्चच्या पाळकसाहेबांनी मोठ्या प्रेमानं त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

कोर्टात सगळे त्यांना शामराव म्हणत. ते त्यांचं नाव नव्हतं. नाव शमुवेल. शमुवेल भास्कर साळवे. ते नोकरीला लागले तेव्हा दप्तर उर्दूत होतं. पुढं मराठी आली आणि जुनं दप्तर मराठीत उतरवायला बसलेल्या कुणा कारकुनानं शमुवेलचा शामराव करून टाकला. घाईत लिहिलेल्या उर्दूत नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, गाळलेले असतात, वाचणारा आपल्या ओळखीचं नाव वाचून मोकळा होतो. शामराव त्याच्या ओळखीचा असणार. साळव्यांनी एकदा कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्या नाझरांकडे हा विषय काढला होता. नाझर म्हणाले, “नाव बदलायचंय का?”

“बदलायचं नाही साहेब. हाय तेच पाहिजे.”

नाझरांनी समजावलं की कागदावर आता तुम्ही शामराव आहात, तेव्हा शमुवेल आहात हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. सिद्ध करणं म्हणजे काय असतं हे कोर्टाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. साळव्यांनी नाद सोडला. कुणी शामराव म्हटलं की ते मुकाट ओ देत. ते त्यांच्या मनाला लागलं होतं, पण हे मला फार पुढं कळलं.

दुसऱ्यांच्या नावाबाबत मात्र हा माणूस विलक्षण काटेकोर. साहेब येऊन बसायच्या आधी साळवे माठ भरून ठेवत, आणि मग व्हरांड्यात, पायऱ्यांवर, आवारातल्या लिंबाखाली बसलेल्या लोकांमधून एक फेरी मारत. “कोण गाव? कुणाचं काम? कशानं आलात? पाणी पिलात का?” हे त्यांचं काम नव्हतं. पट्टेवाल्यानं समोरचं नाव वाचावं आणि ओरडावं, इतकीच सरकारची अपेक्षा. साळव्यांचं म्हणणं असं, की तोंड बघितल्याशिवाय नाव घेतलं तर ती हाक होत नाही, आरडाओरड होते. सिटी चौकातले एक म्हातारे चाचा खोलीच्या भाड्याचा दावा लढत होते. त्यांना पाहिलं की साळव्यांची भाषा बदलायची. “क्या चाचा, आज अकेलेच आए? पोता नै आया?”

“उसकू बुखार है रे.”

पुढच्या तारखेला साळवे आधी नातवाचा ताप विचारणार आणि मग दाव्याचं. चाचांचा वकील मी होतो. त्यांना नातू आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मला या चौकश्यांचा खरं म्हणजे वैताग यायचा. आपण घाईत पक्षकाराला चार गोष्टी पढवून आत न्यावं, तर दारात साळवे त्याला थांबवून विचारणार, “काय नामदेवराव, म्हैस व्याली का?” की झालं, नामदेवराव पढवलेलं सगळं विसरून म्हशीत शिरणार. एकदा मी चिडून म्हणालो, “शामराव, तुम्ही पट्टेवाले आहात की यांचे सोयरे?”

“सोयराच समजा साहेब,” ते म्हणाले, “पण मानपान मागत नाही.”

त्यांच्या या स्वभावाचा एका पाटलांना फार राग आला होता. पाटील आणि त्यांचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, यांच्यात झोपडीच्या जागेवरून वाद होता. साळव्यांनी पुकारलं, “रंगनाथराव वल्द माधवराव, हाजिर है?” पाटील खाकरत उठले. मग त्याच सुरात, त्याच ताकदीनं दुसरी हाक, “किसनराव वल्द लक्ष्मणराव, हाजिर है?” किसन भिंतीला टेकून बसला होता, तो हलेना. उलट मान वळवून किसनराव कोण ते शोधायला लागला. साळवे त्याच्यापाशी गेले आणि हळू म्हणाले, “चला किसनराव, तुम्हालाच बोलावलंय.”

पाटलांनी तक्रार केली. कागदावर नुसतं किसन लक्ष्मण आहे, हा राव कुठून आला, असं त्यांचं म्हणणं. मुन्सफसाहेब शिस्तीचे. कर्मठ घरातले, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. त्यांनी साळव्यांना बोलावून विचारलं.

“साहेब, मला गळा एकच हाय,” साळवे म्हणाले. “पाटलांसाठी एक अन् किसनरावांसाठी दुसरा कुठून आणू?”

साहेबांनी मान वर न करता सांगितलं की कागदावर असेल तेवढंच वाचत जा. साळवे “व्हय साहेब” म्हणाले आणि पुढच्या तारखेपासून त्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. “रंगनाथ वल्द माधव, हाजिर है?” कागदावर पाटलांचंही नाव तेवढंच होतं. भर व्हरांड्यात सोयऱ्याधायऱ्यांसमोर असा पुकारा झाल्यावर पाटलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या वकिलामार्फत निरोप पाठवला, राव राहू द्या, दोघांचाही राहू द्या. आम्ही बाररूममध्ये पोट धरून हसलो. साळवे हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं त्यात विनोद काही नव्हता.

हे लक्ष गरिबांपुरतंच होतं असंही नाही. त्याच मुन्सफसाहेबांना सगळे इतके भिऊन असत की कामापलीकडे त्यांच्याशी चकार शब्द बोलायची कुणाची टाप नव्हती. साळव्यांच्या ध्यानात आलं की साहेबांचा घरचा डबा यायचा बंद झालाय आणि दुपारी चेंबरमध्ये बिस्किटांचा पुडा फुटतोय. पाण्याचा पेला ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “साहेब, बाईसाहेबांची तब्येत बरी हाय ना?” बाईसाहेब पुण्याला दवाखान्यात होत्या, छातीच्या दुखण्यानं. हे सगळं मला साहेबांनीच सांगितलं, ते निवृत्त झाल्यावर. म्हणाले, बदलून आल्यापासून मला माणसासारखं काही विचारणारा तो पहिला. साळव्यांनी बाईसाहेबांचं नाव विचारून घेतलं आणि रविवारी छावणीच्या उपासनेत ते नाव घेऊन प्रार्थना झाली. सोमवारी साळव्यांनी तसं साहेबांना सांगितलं. एवढा सोवळ्यातला माणूस, आता भडकणार असं कुणालाही वाटलं असतं. साहेबांनी इतकंच विचारलं, “नाव बरोबर घेतलं ना?”

या सगळ्या नावांच्या प्रकारात एकच माणूस उपाशी राहिला होता. साळव्यांची बायको मार्थाबाई. नाताळात आम्ही दोघंतिघं वकील त्यांच्याकडे फराळाला जायचो. करंज्या, चकल्या आणि बेकरीतून भाजून आणलेला केक. मार्थाबाई जिभेनं तिखट. एकदा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, “साऱ्या मुलखाला राव आणि बाई, अन् मला ‘अगं’. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली वकीलसाहेब, माझं नाव यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.”

“घेतो की,” साळवे ताटाकडे बघत म्हणाले. “प्रार्थनेत घेतो.”

“ते देवाला ऐकू येतं. मला कधी यायचं?” मार्थाबाई म्हणाल्या. “आणि त्या चौथ्या हाकेचं कौतुक मला सांगू नका. घरात पहिल्या हाकेला उठलं नाही तर यांचं तोंड उतरतं.”

साळवे कानापर्यंत लाल झाले. जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांची नावं खड्या आवाजात घेणारा हा गृहस्थ बायकोचं नाव घ्यायला नव्या नवरदेवासारखा लाजायचा. बाकी सगळ्या बाबतीत ते ख्रिस्ती होते, या एका बाबतीत आमच्यातलेच होते.

आता ती चौथी हाक. ती ओरडून मारलेली नसे. तीन हाका व्हरांड्यातून व्हायच्या, त्या कोर्टाच्या. मग साळवे पायऱ्या उतरून लोकांमध्ये जायचे आणि एकेकाजवळ थांबून हळू विचारायचे. बहुतेक वेळा तोवर आत कागद आवरले जात असत, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. एकदा मात्र आलं.

सोयगाव तालुक्यातल्या एका धनगर विधवेचा दावा होता. नवरा वारल्यावर त्याच्या वाटणीचं रान तिच्या दिरानं दाबून ठेवलं होतं. त्या रानाशिवाय तिच्याकडे काही नव्हतं. मेंढरं विकून तिनं दावा लावलेला. मी दिराचा वकील. तिचे वकील नेमके त्या वेळी वरच्या कोर्टात अडकले होते. पुकारा झाला, “सरस्वतीबाई भ्रतार येसाजी, हाजिर है?” पुरुषाच्या नावापुढं बापाचं नाव वल्द म्हणून, तसं बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव भ्रतार म्हणून लावायची आमच्याकडची रीत. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. कुणी आलं नाही. मुन्सफसाहेबांनी टाक उचलला. मी उभा होतो आणि एक अक्षर न बोलता माझं काम होत होतं. असा निघालेला दावा अर्ज देऊन परत उभा करता येतो, कायद्यात तशी सोय आहे. पण त्यासाठी त्या बाईला परत यावं लागलं असतं, परत वकील गाठावा लागला असता, परत मेंढरं विकावी लागली असती. ती येणार नाही हे मलाही कळत होतं आणि दिरालाही. दीर तर मिशीवर हात फिरवायला लागला होता.

साळवे दारातून आत आले. “साहेब, एक हाक ऱ्हायली.”

“तीन झाल्या,” साहेब म्हणाले. “मी मोजल्या आहेत.”

“त्या कोर्टाच्या झाल्या साहेब. माझी ऱ्हायली.”

पट्टेवाल्यानं साहेबांना असं काही म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. साहेबांनी टाक दौतीवर धरून ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. साळवे तेवढ्यावर पायऱ्या उतरून गेले.

मी खिडकीशी होतो, बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. लिंबाखाली मांडीवर घोंगडी घेऊन एक बाई बसली होती. एसटी उशिरा पोचल्यामुळे ती साळव्यांच्या सकाळच्या फेरीत सापडली नव्हती. साळवे तिच्यासमोर उकिडवे बसले.

“कोण गाव बाई?”

“सोयगावाकडली हाय जी.”

“कुणाचं काम?”

“माझंच हाय.”

“नाव काय तुमचं?”

“नकुसा.”

मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला ठेवतात ते नाव, नको असलेली म्हणून. दुसरा कुणी असता तर तिथून परत फिरला असता. कागदावर सरस्वती, ही नकुसा, विषय संपला. साळव्यांनी विचारलं, “मालकाचं नाव काय?” तिनं पदर तोंडावर ओढला. नवरा मेलेला, तरी त्याचं नाव घेणं तिला जमेना. “बरं, मी घेतो, तुम्ही निसती मान हालवा. येसाजी का?” तिनं मान हलवली.

“मग लग्नात तुमचं नाव बदललं आसंल की.”

“ठिवलं हुतं जी कायतरी. देवीचं हुतं. येकदा ठिवलं, मंग कुनी घेतलंच नाय.”

“सरस्वती?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “व्हय. त्येच. सरस्वती.”

ती आत आली, हात जोडून उभी राहिली. साहेबांनी विचारलं, “बाई, हाक ऐकू आली नाही का?”

“आली की जी. लई मोठ्यानं आली. पर कुनाची हाय ते नाय कळलं.”

साहेबांनी टाक खाली ठेवला. मग पुढची तारीख दिली. दावा रीतसर चालला आणि शेवटी रान तिला मिळालं. मी हरलो. चांगला लढलो होतो, एवढं नोंदवून ठेवतो.

त्या दिवशी काम संपल्यावर ती व्हरांड्यात साळव्यांना म्हणाली, “दादा, मला नकुसाच म्हना. त्या नावाला म्या ओ दिईन का नाय, सांगता येत नाय.”

“नाही. मी सरस्वतीबाईच म्हणणार. हुईल सवय.” मग इकडे तिकडे बघून साळवे म्हणाले, “आता माझं ऐका. हे सगळे मला शामराव म्हणतात. माझं नाव शमुवेल हाय.”

तिनं दोनदा जिभेवर घोळवून पाहिलं. “समेल?”

“समेल चालंल,” साळवे म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला चुकून कुणाच्या घरात डोकावल्यासारखं झालं. मी तिथंच उभा होतो. इतकी वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी त्यांना चहाला घेऊन गेलो आणि विचारलं, हे चौथ्या हाकेचं काय प्रकरण आहे?

ते म्हणाले, “माझ्या आजोबाला गावात नाव नव्हतं साहेब. म्हणजे होतं, पण कुणी घेत नव्हतं. ‘ए’ म्हटलं की आजोबानं समजून घ्यायचं. पुढं तो ख्रिस्ती झाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीसाहेबानं त्याचं अख्खं नाव घेऊन बोलावलं, तर आजोबा मागं वळून बघाय लागला. कोण आलंय म्हणून.”

त्यांनी बशीत चहा ओतला. “आमच्या शास्त्रात माझ्या नावाचा एक पोरगा हाय. देवळात राहायचा, म्हाताऱ्या गुरूची सेवा करायचा. एकदा देवानं त्याला नाव घेऊन हाक मारली. पोराला वाटलं गुरुजी बोलावतायत. पळत गेला. म्हातारा म्हणाला, मी नाही बोलावलं, जा झोप. आसं तीनदा झालं. साहेब, तीन हाका झाल्या. तुमच्या कायद्यानं पोरगा गैरहजर.”

“मग?”

“देवानं चौथी मारली.”

मी थट्टेनं म्हणालो, “तुमच्या देवाच्या कोर्टात गर्दी कमी असेल.”

“कमी कशानं? लई गर्दी हाय,” साळवे म्हणाले. “तरी एकेकाला नावानं बोलावतो. मग मला पायऱ्या उतरायला काय जड हाय?”

मला धर्माच्या गोष्टींचा ओढा नाही, तेव्हाही नव्हता. पण ते बोलणं मला आवडलं आणि तो माणूसही त्या दिवसापासून मला मनापासून आवडायला लागला. शामराव म्हणणं मला जड जाऊ लागलं. कोर्टात शमुवेल म्हणावं तर दहा जणांना खुलासा करत बसावं लागणार, आणि साळव्यांना तो खुलासा नको होता. तेव्हा मी वकिली तोडगा काढला आणि नुसतं साळवे म्हणू लागलो.

सरस्वतीबाई पुढंही येत राहिली. शहागंजात घोंगड्या विकायला आली की कोर्टापर्यंत यायची, लिंबाखाली बसायची, साळव्यांशी चार शब्द बोलून जायची. गावात आता सगळे आपल्याला सरस्वतीच म्हणतात, असं तिनं एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं. ज्या दिरानं रान दाबलं होतं तोसुद्धा म्हणतो म्हणाली, दात खाऊन म्हणतो, पण म्हणतो.

साळवे निवृत्त झाले त्या दिवशी कोर्टात निरोपाचा छोटा समारंभ ठेवला होता. साहेब तेव्हा नवे होते, हौशी होते. त्यांनी ठरवलं की ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना पुकारलं त्याला आज पुकारा करूनच आत बोलवायचं. कल्पना सगळ्यांना पसंत पडली. हार आला, नारळ आला. मार्थाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसल्या. साळव्यांच्या जागी आलेला पट्टेवाला दारात उभा राहिला आणि त्यानं छाती भरून हाक मारली, “शामराव वल्द भास्करराव, हाजिर है?”

साळवे लिंबाखाली एका म्हाताऱ्याशी बोलत बसले होते. मला खिडकीतून स्पष्ट दिसत होते. ते हलले नाहीत. दुसरी हाक झाली. तिसरी झाली. व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, वय झालं, ऐकू येत नसेल. कुणी म्हणालं, मन भरून आलं असेल. नवा पट्टेवाला बिचारा साहेबांच्या तोंडाकडे बघायला लागला. मी उठणार होतो, पण त्याआधीच पायरीवर बसलेली सरस्वतीबाई उठली. तिच्या काखेत साळव्यांना द्यायला आणलेली नवी घोंगडी होती. व्हरांड्याच्या कडेला येऊन तिनं तोंडाशी हात धरला आणि रानातून पलीकडच्या टेकाडावर हाक मारतात तशी लांब हाक मारली.

“समेऽऽल दादा! या की आत!”

साळवे उठले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी म्हणाले, कोटाची बटणं नीट केली आणि “हजर, हजर” म्हणत पायऱ्या चढून आले. मी दारात विचारलं, “साळवे, तीन हाका ऐकू नाही आल्या?”

“आल्या की साहेब,” ते म्हणाले. “म्हटलं, चौथी येतीय का बघावं.”

आत आल्यावर साहेबांनी विचारलं, हे समेल कोण? मग मी उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, एक दुरुस्ती सुचवायची आहे. ज्यांना हे कोर्ट शामराव म्हणत आलं त्यांचं नाव शमुवेल आहे. शमुवेल भास्कर साळवे.”

साहेब हसून म्हणाले, “पुरावा?”

“म्या हाय की,” दारातून सरस्वतीबाई म्हणाली.

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी हार घालताना पूर्ण नाव घेतलं, शमुवेलराव म्हणाले. साळव्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. भाषणं झाली, चहा झाला. साळव्यांना बोला म्हटलं तर त्यांनी छातीवरचा लाल पट्टा काढला, बिल्ला कोटाच्या बाहीनं एकदा पुसला आणि नव्या पट्टेवाल्याच्या हातात दिला. मग जायला निघाले. दारापर्यंत गेले आणि त्यांच्या नेहमीच्या जागेवर थांबले. मला वाटलं त्या जागेला नमस्कार करतील. ते आत तोंड करून वळले, बाकांवरून नजर फिरवली आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी पुकारलं,

“मार्थाबाई भ्रतार शमुवेल, हाजिर है?”

मार्थाबाई पहिल्या हाकेलाच उठल्या.